न चालवता मागवलेली गाडी

पर्वरी,
28 डिसेंबर 2025

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही "चलोवन पळयनासतना पयशे भरले?" (चालवून न बघताच पैसे भरले?) एवढेच विचारलेत आणि फोन आईच्या हातात दिलात. आईने लगेच संक्रांतीच्या तिळाचा विषय काढला. म्हणून लिहायला बसले. कागद तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचता. फोनवर माझे अर्धे वाक्यसुद्धा पुरे होऊ देत नाही.

आधी पैशाचे सांगते. टाटाच्या नव्या सिएरासाठी भरलेत ते 21,000. रद्द केले तर परत मिळतील, असे पावतीवर लिहून घेतले आहे. म्हणजे मी गाडी घेतलेली नाही, रांगेत जागा धरली आहे. खरी सही बिल बनेल त्या दिवशी, आणि तोवर गाडी चालवायला मिळणार आहेच. बुकिंग 16 डिसेंबरला उघडले आणि पहिल्याच दिवशी 70,000 हून जास्त लोकांनी नाव लावले, असे कंपनीने जाहीर केले. आमच्या इथल्या शोरूमला तेव्हा चालवायची गाडी आलेलीच नव्हती. मधोमध एक उभी करून ठेवली होती आणि लोक तिच्याबरोबर फोटो काढत होते. चालवून बघायला थांबले असते तर रांगेत किती मागे गेले असते, देव जाणे. गेल्या वर्षी महिंद्राच्या थार रॉक्सचे पहिल्या तासात 1,76,218 बुकिंग झाले होते. त्यातल्या कितींनी ती चालवून बघितली असेल? हे वेड मलाही फारसे पटत नाही. पण लग्न असो की गाडी, न पाहता होकार देऊ नये हे तुमचे म्हणणे इथे पूर्ण लागू होत नाही, कारण साखरपुडा अजून व्हायचाच आहे.

शिवाय शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे काय असते ते तुम्ही पाहिलेच आहे. शेजारी विक्रीवाला बसतो, एसी वाढवतो, गाणी लावतो आणि ठरलेल्या रस्त्याने एक फेरी मारून आणतो. त्यात पर्वरीला सध्या उड्डाणपुलाचे काम. दुसऱ्या गिअरच्या वर जायला मिळाले तर नशीब. त्या फेरीत गाडीचा रंग आवडला की नाही एवढे कळते.

तुमचा खरा मुद्दा वेगळा आहे, तो मी विसरलेले नाही. पिसुर्ल्याच्या खाणीवर वर्कशॉपमध्ये तुम्ही उभी हयात घालवली आणि नवे मशीन आले की पहिल्या लॉटला हात लावू नका, दुसऱ्यांच्या हातात ते आधी बिघडू दे, असे म्हणायचात. हे मला पटते. म्हणूनच इंजिन निवडताना मी नवे टाळले. सिएरात तीन इंजिने आहेत. टर्बो पेट्रोल सगळ्यात ताकदीचे, 160 पीएसचे. शोरूमवाला तेच गळ्यात मारत होता. पण ते नवेकोरे आहे. मी घेतले दीड लिटरचे डिझेल, जे 2024 पासून टाटाच्याच कर्व्ह गाडीमध्ये चालते आहे. आणि ते तुम्ही ऐकले आहे, बाबा! गणेशचवथीनंतर बेळगावला जाताना आम्ही चहाला थांबलो होतो, ती माझ्या मैत्रिणीची काळी कर्व्ह आठवते का? तुम्ही बॉनेट उघडायला लावलेत, मला रेस द्यायला सांगितलेत आणि "आवाज बरा आहे" म्हणालात. तुमच्या तोंडून हे फार मोठे कौतुक. तेच इंजिन. त्या दिवशी चोर्ला घाट मीच चालवला होता, चार माणसे आणि एसी चालू असताना. वळणातून बाहेर पडताना तिसऱ्यावरच ओढत होते, दुसरा टाकावा लागत नव्हता.

तुमच्या जावयाला ऑटोमॅटिक हवी होती. पण सिएराच्या डिझेलला टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक आहे आणि कर्व्हच्या डिझेलला ड्युअल क्लच, म्हणजे वेगळ्याच बनावटीची. म्हणजे तो गिअरबॉक्स मी कुठेच चालवलेला नाही. म्हणून मॅन्युअल. हे रुसलेत, पण क्लच मला दाबायचा आहे. डिझेलच्या धुराचा फिल्टर नुसत्या गावातल्या गावात फिरवून तुंबतो, हेही माहीत आहे. तुमच्याकडे यायचा म्हापसा-डिचोली-साखळीचा रस्ता तो मोकळा व्हायला पुरेसा लांब आहे.

राहिले सस्पेन्शन, ब्रेक आणि वळणात गाडी किती कलते ते. ते कर्व्हवरून कळणार नाही, सिएरा उंच आहे. तेवढे चालवूनच बघणार.

आता आई, तुझ्यासाठी. मी शोरूमला सासूबाईंना मुद्दाम घेऊन गेले होते, कारण त्यांचे गुडघे तुझ्यासारखेच. आत्ताच्या गाडीतून उतरताना तू दाराला धरून "आई गं" म्हणतेस ना, तसे त्याही म्हणतात. यात त्या मागच्या सीटवर चढल्या नाहीत की खाली बसल्या नाहीत, सरळ सरकून बसल्या. पाय टेकायला मात्र उंबरा थोडा उंच वाटला. तुझी उंची त्यांच्याहून कमी, तेव्हा तू स्वतः बसून बघितल्याशिवाय मी बिल करणार नाही. साडी नेसून ये, ड्रेसमध्ये कोणालाही चढता येते.

बाबा, तुमच्या इंजिनीअर साहेबांची सिएरा 1991 नंतरची, तीन दारांची. मागची ती छतापर्यंत वळलेली काच उघडायचीच नाही आणि मागे बसणारा भाजून निघायचा, हे तुम्हीच सांगायचात. नव्या गाडीला पाच दारे आहेत, काचा खाली होतात. जुना तोंडवळा तेवढा ठेवला आहे. मी नावावर भुलले असे तुम्हाला वाटत असेल तर थोडे खरे आहे.

एक धोका मात्र आहे, तो लपवत नाही. किंमत बुकिंगच्या दिवसाची धरत नाहीत, बिलाच्या दिवसाची धरतात. सुरुवातीची 11.49 लाख ही फक्त सगळ्यात खालच्या मॉडेलची आणि तीही सुरुवातीपुरती. आपली डिझेल त्याच्या बरीच वर. चार मीटरपेक्षा लांब म्हणून जीएसटी 40 टक्के. सप्टेंबरमध्ये छोट्या गाड्यांना दिलेला 18 टक्क्यांचा कमी दर आपल्याला नाही. भाव फार वाढला तर नाव काढून घेईन. डिलिव्हरी 15 जानेवारीपासून सुरू होईल म्हणतात, पण आपला नंबर कधी ते शोरूमवाला दर वेळी वेगळे सांगतो. मी चवथ धरून चालले आहे.

गाडी आली की नोंदणीच्या आधी यार्डातच तपासायची, आणि ती तुम्ही तपासायची. चासी नंबर कागदाशी जुळतो का, किलोमीटर किती पडलेत, कुठे रंग पुन्हा मारलाय का. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: 4825 म्हणजे 2025 चा 48 वा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनी विसरू नका. तिथली पोरे घाई करतील, तुम्ही करू नका. तुम्ही नको म्हणालात तर मी सही करणार नाही.

आजोबा देवाच्या देवळात कौल लावायचा म्हणता, तर लावा. पण कौल गाडीचा लावा, रंगाचा नको. गेल्या वेळी काकांनी रंगावर कौल मागितला आणि सगळे घर महिनाभर बोलत नव्हते.

आता एक काम. गाडीची रुंदी आरसे सोडून 1841 मिलिमीटर आहे, आत्ताच्या गाडीपेक्षा बरीच जास्त. धरणाच्या रस्त्यावरून आपल्या वाटेला वळताना डावीकडे चिऱ्यांचा गडगा आणि उजवीकडे शेजाऱ्यांचा माड, त्यामधले अंतर टेपने मोजून ठेवा. जमिनीवर नको, आरशाच्या उंचीला मोजा, माड तिथे आत झुकला आहे. वळणाच्या आधी मोजा आणि वळणावरही. कमी पडले तर गडग्याचे चार चिरे काढायचे की गाडी वर रस्त्यालाच ठेवायची, ते शनिवारी आल्यावर बोलू. शेजाऱ्यांना माडाबद्दल आत्ताच काही बोलू नका.

आई, कोकमाची सोलां संपली आहेत.

तुमची,
बाय