प्रार्थना साखळीतील पहाटेच्या पाळ्यांसाठी आवाहन

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो, सप्रेम सलाम.

आपल्या मंडळीने पाठवलेल्या दोन मिशनरी कुटुंबांसाठी शुक्रवारी संध्याकाळी ६ ते शनिवारी संध्याकाळी ६ अशी मध्यस्थीच्या प्रार्थनेची साखळी चालते. अर्ध्या तासाची एक, अशा ४८ पाळ्या. त्यांतल्या रात्री १ ते पहाटे ५ या ८ पाळ्यांना सध्या कोणीच नाही. एक जण आजारी पडला तरी पाळी चुकू नये म्हणून प्रत्येक पाळीला दोघे हवेत. म्हणजे १६ जण, आणि निदान वर्षभरासाठी.

वर्षभर एवढ्याचसाठी, की निरोपाच्या उपासनेनंतर सहा महिने घरोघरी त्यांची नावे घेतली जातात. कठीण काळ पुढे येतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी भाषा जमू लागते, पण बाप्तिस्मा एकही झालेला नसतो. मुलांच्या शाळेचा प्रश्न उभा असतो, शरीर थकलेले असते. नेमकी तेव्हाच साखळी तुटते. इंग्लंडचे बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम केरी नोव्हेंबर १७९३ मध्ये बंगालात पोहोचले. तिथले त्यांचे पहिले विश्वासणारे कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा झाला २८ डिसेंबर १८०० रोजी. मधली सात वर्षे हाती काही दिसत नव्हते. केरींना पाठवणारी मिशनरी सोसायटी १७९२ ची, पण इंग्लंडमधल्या नॉर्थअॅम्प्टनशरच्या बॅप्टिस्ट मंडळ्या त्याआधी आठ वर्षे, १७८४ पासून, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुवार्तेच्या प्रसारासाठी प्रार्थनेला जमत होत्या. आपल्याकडे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जानेवारी १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी हाक दिली तेव्हा ७० जणी पुढे आल्या. संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, जूनच्या अखेरीस आले.

पाळी कशी करायची? पहिली पाच मिनिटे वचन आणि स्तुती, वीस मिनिटे समितीच्या प्रार्थना-पत्रकातल्या विनंत्या, शेवटची पाच मिनिटे शांत बसणे. मग पुढच्या पाळीच्या व्यक्तीला फोन. ती उठल्याची खात्री होईपर्यंत आपली पाळी संपत नाही. पहाटे अंथरुणात पडून प्रार्थना करू नका, झोप लागतेच. उठून तोंड धुवा, दिवा लावा, मोठ्याने बोला.

पत्रकात सातच विनंत्या असतात आणि त्या नेमक्या असतात. "त्यांना आशीर्वाद दे" एवढ्यावर वीस मिनिटे निघत नाहीत. पौलानेही रोमकरांकडे मोघम मागणी केली नाही: यहूदीयातल्या विरोधकांपासून सुटका व्हावी आणि यरुशलेमसाठी नेलेली मदत तिथल्या पवित्र जनांना मान्य व्हावी, असे स्पष्ट लिहिले (रोम. १५:३१). म्हणून आम्ही "भाषांतर नीट होवो" असे न लिहिता कोणत्या अध्यायाची तपासणी कोणत्या आठवड्यात आहे ते लिहितो. प्रार्थनेच्या वहीत डावीकडे विनंती व तारीख, उजवीकडे उत्तर. उजवी बाजू वर्षभर कोरी राहिली तरी विनंती खोडू नका.

एक कळकळीची सूचना. पत्रक व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवू नका, फोटोही काढू नका. त्यात आजाऱ्यांच्या आणि नवविश्वासणाऱ्यांच्या अडचणी असतात. गावाचे नाव बाहेर गेले तर त्रास त्यांना होतो, आणि विनंतीची कुजबुज व्हायला एक दिवसही लागत नाही.

पैसे फारसे लागत नाहीत. ५० दोनशेपानी वह्या, महिन्याला १०० पत्रकांची छपाई, आणि मिशनऱ्यांची इंग्रजी पत्रे सोप्या मराठीत आणणारे दोघे जण, एवढी गरज आहे. ज्यांना रात्री जागणे झेपत नाही त्यांनी वह्या द्याव्यात. आजी-आजोबांना पहाटे ४ची पाळी सोयीची पडते, त्यांनी आवर्जून यावे.

रविवारी उपासनेनंतर प्रार्थना समितीच्या टेबलावर तक्ता ठेवला आहे. नाव, फोन आणि पाळीची वेळ लिहा. पहिली पाळी येत्या शुक्रवारी रात्री, म्हणजे शनिवारच्या पहाटे.

आपली,
प्रार्थना समिती