रेल्वे संग्रहालयात नृत्य करा, पण एप्रिलमध्ये नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेल्वेच्या वारशावर नृत्याचा कार्यक्रम ठरवायचा म्हटले की बोट एप्रिलवरच पडते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली, १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन आणि २९ एप्रिल हा आंतरराष्ट्रीय नृत्य दिन. भुसावळ-जळगावकडे मात्र त्या दिवसांत पारा ४२ अंशांपुढे जातो. उन्हात उभ्या असलेल्या इंजिनाच्या पत्र्यावर तळहात टेकवत नाही, तिथे अनवाणी पाय कसा ठेवणार? सूर्य मावळल्यावरही जाड लोखंड आणि काँक्रीट बराच वेळ धग सोडत राहतात. खानदेशात असा कार्यक्रम करायचा तर तो डिसेंबर-जानेवारीतच व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेव्हा सूर्य पावणेसहा-सहाला मावळतो. साडेपाचला सुरू करून सातपर्यंत आटोपावे. त्यानंतर लोखंडावर दव धरू लागते आणि झिजून गुळगुळीत झालेला रूळ दवाने फार निसरडा होतो.

पहिला विचार पायांचा करावा. रुळांमधली खडी मुद्दाम टोकदार कोनांची फोडलेली असते, कारण ती एकमेकींत अडकून बसली तरच रूळ जागचा हलत नाही. नाचणाऱ्याचा घोटा मुरगळतो तो याच कोनांमुळे, म्हणून खडीवर चालण्यापलीकडे काही करू नये. फलाटाच्या काँक्रीटवर थेट तत्कार (कथकमधले पायांचे ठोके) केला तर दोन-तीन तालमींतच नडग्या आणि गुडघे बोलू लागतात. त्यावर लाकडी पट्ट्या दीड-दीड फुटावर टाकून १८ मिमीचा प्लायवूड बसवावा. आठ बाय चारचे आठ पत्रे लावले की सोळा बाय सोळा फुटांची जागा मिळते आणि सहा जणांना ती पुरते. पत्र्यांचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नयेत, स्क्रूची डोकी लाकडात खोल बसवावीत. रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरवर उघड्या अंगाने बसणे-लोळणे टाळावे. ते क्रिओसोट या डांबरी तेलात मुरवलेले असतात आणि त्याने कातडी भाजल्यासारखी होते.

इंजिन-डबा जागेवर उभा आहे म्हणून तो हलणार नाही, असे धरून चालू नये. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर असल्याशिवाय कोणी वर चढू नये. गंजलेल्या पायऱ्या आणि दांड्यांवर आधी संग्रहालयाच्या माणसाने भार देऊन पाहावा. वाफेच्या जुन्या इंजिनाच्या बॉयलरवरील आवरणाखाली फुप्फुसांना घातक असे ॲस्बेस्टॉस असू शकते. ताल धरायला म्हणून त्यावर थाप मारण्याचा मोह होतो, तो आवरावा.

संग्रहालय चालू मार्गाला लागून असेल तर एक गोष्ट नृत्यदिग्दर्शकाला आधीच ठाऊक हवी. रेल्वेच्या नियमांत लाल झेंडी नसेल तर दोन्ही हात डोक्यावर उंच धरणे म्हणजे ‘थांबा’, आणि रात्री पांढरा दिवा जोरजोराने आडवा हलवणे म्हणजेही ‘थांबा’. आपल्या नृत्यात हात वर जाणे किती साधी गोष्ट! पण लोको पायलटला ते दिसले तर गाडी थांबेल. लाल-हिरवी वस्त्रे, कंदील आणि हात वर नेणाऱ्या रचना मार्गावरून दिसणार नाहीत अशा बाजूला, डब्यांच्या आडोशाला ठेवाव्यात. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. तारेपासून किमान दोन मीटर दूर राहायचे, म्हणून उंच काठ्या, पताका, फुगे आणि ड्रोन यांना तिथे जागा नाही.

ध्वनीचे गणितही आधी मांडावे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. फलाटाच्या दोन टोकांना ५० मीटर अंतरावर दोन गट उभे केले आणि ढोल एकाच टोकाला ठेवला, तर दुसऱ्या गटाला ठोका सेकंदाच्या सातव्या भागाने उशिरा ऐकू येतो. द्रुत लयीत तेवढ्याने सगळे विस्कटते. उपाय साधा आहे: मधोमध उंचावर एक जण उभा करावा आणि दोन्ही गटांनी त्याच्या हाताकडे पाहून सम (तालाची पहिली मात्रा) गाठावी. मालगाडी तर केव्हाही धडधडत येते. ध्वनिमुद्रित संगीत तिच्यापुढे टिकत नाही, वादक मात्र ती जाईपर्यंत तालाचे एक आवर्तन वाढवू शकतात. म्हणून वादक प्रत्यक्ष असावेत.

आणि संगीत बाहेरून आणायची गरजच काय? चाक तपासणारा हातोडी मारतो तेव्हा निकोप चाक घंटेसारखे वाजते आणि तडा गेलेले बद्द. ट्रॅकमनच्या टोळीची सब्बल एकाच ठेक्यात पडते. पाचोरा-जामनेरच्या जुन्या छोट्या गाडीच्या रुळांमधले अंतर ७६२ मिमी, म्हणजे अडीच फूट होते. तेवढ्या अंतरावरच्या दोन रुळांवर दोन पाय ठेवून माणूस उभा राहू शकतो. मोठ्या मार्गाच्या १६७६ मिमीवर ते जमत नाही, तिथे उडीच घ्यावी लागते. या दोन मापांतूनच दोन वेगळ्या चाली निघतात. सातपुड्यातल्या पावरा आदिवासी ढोलवादकांना बोलवायचे तर त्यांना सजावट म्हणून कोपऱ्यात उभे करू नये. त्यांचा ढोल मुख्य ठेवावा आणि मानधन इतरांइतकेच द्यावे.

वस्तूंची काळजी सर्वांत महत्त्वाची. चिकटपट्टी काढताना जुना रंग सोबत निघतो. हळद-गुलाल लाकडात मुरतो, घामाने पितळ काळवंडते, हॅलोजनच्या उष्णतेने वार्निश तडकते. दिवे एलईडीचे आणि स्वतःच्या स्टँडवर असावेत, खिळा एकही नको. उद्घाटनाचा नारळ प्रवेशद्वारावर फोडावा, इंजिनावर नव्हे.

प्रेक्षकांना तीस-चाळीसच्या गटांत फिरवावे, चार ठिकाणी सात-आठ मिनिटे थांबवावे. तालमी तीन तरी व्हाव्यात: एक दिवसा मापे घेण्यासाठी, एक अंधारात दिव्यांसाठी आणि एक पन्नासेक पाहुण्यांना चालवून. गर्दी कुठे अडते ते तिसरीतच कळते.

रेल्वेची परवानगी एका सहीने मिळत नाही. अभियांत्रिकी, विद्युत आणि सुरक्षा दलाचे शेरे लागतात, चित्रीकरणाचा अर्ज वेगळा. त्यात नवरात्र-दिवाळीच्या सुट्ट्या येतात. डिसेंबरची तारीख हवी असेल तर आवाराचा नकाशा, कलाकारांची संख्या आणि विजेचा भार लिहिलेला अर्ज गणपतीआधीच कार्यालयात पोचायला हवा.

आपले,
नृत्य व रंगमंच-तंत्रातील काही कार्यकर्ते,
भुसावळ