मंडळीची वही रद्दीत जाऊ देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून छापील मराठीच्या सुरुवातीवर बरेच लेख वाचायला मिळाले. त्यांत श्रीरामपूरचा (आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे, कोलकात्याजवळ हुगळीकाठच्या) उल्लेख हमखास असतो, पण एका ओळीचा: विल्यम कॅरी, १८०५ साली मराठी व्याकरण, १८१० साली मोडीत छापलेला मराठी-इंग्रजी कोश. पुढे पूर्णविराम. कॅरी बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी होते. ही माहिती आपल्यापर्यंत आली ती बॅप्टिस्टांनी कागद जपून ठेवले म्हणून, आणि आज त्यांच्याच लहान लहान मंडळ्यांतले (मंडळी म्हणजे एका चर्चचे सभासद मिळून) कागद वाळवीच्या तोंडी चालले आहेत. त्यासाठी हे पत्र. मी निवृत्त ग्रंथपाल आहे. चाळीस वर्षे पुस्तकांच्या कपाटांत गेली.

आपल्याकडे मिशनरी म्हटले की सगळे एकाच पोत्यात भरले जातात. १८१३ साली मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे काँग्रिगेशनल पंथाचे. त्यांच्याच तुकडीतून निघालेले ॲडोनिराम जडसन मात्र १८१२ च्या सप्टेंबरात कोलकात्याला लाल बाजारच्या चॅपेलमध्ये बाप्तिस्मा घेऊन बॅप्टिस्ट झाले आणि ब्रह्मदेशात गेले. लहान मुलांना बाप्तिस्मा द्यायचा की समजून उमजून विश्वास ठेवणाऱ्यालाच, पाण्यात पूर्ण बुडवून द्यायचा, या एका प्रश्नावर बरोबर निघालेल्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बॅप्टिस्ट दुसऱ्या मताचे.

हा फरक कागदपत्रांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. बॅप्टिस्टांत बिशप नसतो. प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहते; पाळक निवडणे, सभासद घेणे, एखाद्याचे नाव कमी करणे, सगळे सभासदांच्या सभेत ठरते. त्यामुळे ठरावांची वही, सभासदांची यादी आणि बाप्तिस्म्याचे रजिस्टर त्या मंडळीतच राहते. नक्कल वरच्या कचेरीत जाईल म्हणावे, तर वरची कचेरीच नाही. ती वही गेली की त्या मंडळीची शंभर वर्षे गेली.

श्रीरामपूरकरांना याचा धडा आगीतून मिळाला. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्यातल्या कागदाच्या साठ्याने पेट घेतला. कॅरी यांचे सहकारी, छापखाना पाहणारे विल्यम वॉर्ड यांनी दारे-खिडक्या बंद करून आग कोंडायचा प्रयत्न केला, पण ती आवरली नाही. रात्री छप्पर कोसळले. कितीतरी लिप्यांचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, वितळले, कागद जळाला, आणि कॅरी यांच्या बहुभाषी कोशाची हस्तलिखितेही गेली. कॅरी त्या दिवशी कोलकात्यात होते; ही बातमी सांगायला त्यांचे दुसरे सहकारी जोशुआ मार्शमन दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले. ढिगाऱ्याखाली खिळ्यांचे साचे करायचे पोलादी ठसे (पंच) सापडले, म्हणून काम पुन्हा उभे राहिले. बातमी पोचल्यावर इंग्लंडमधल्या मंडळ्यांनी दोन महिन्यांच्या आत नुकसानीएवढे पैसे जमवले.

हे एवढ्या बारकाव्याने आज सांगता येते, कारण ही माणसे सतत लिहीत होती. वॉर्ड रोजनिशी ठेवत. पत्रे जहाजाने इंग्लंडला जात, महिनोन्‌महिने प्रवासात असत, आणि तिथे ती वाचून टाकून दिली जात नसत. १७९२ साली केटरिंगला स्थापन झालेल्या बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीने ती राखली, त्यांतली बरीच वृत्तांतांत छापली. आज हे दप्तर ऑक्सफर्डला रीजंट्स पार्क कॉलेजच्या अँगस ग्रंथालयात आहे. श्रीरामपूरला कॅरी ग्रंथालय आणि संशोधन केंद्र आहे. जे इथे जळाले त्याची हकीकत तिथे उरली. कुठलाही कागद दोन ठिकाणी असावा, हे ग्रंथपालाला शिकवावे लागत नाही; इतरांना सांगायला ही आग पुरेशी आहे.

मी श्रीरामपूरला गेलो तो त्या मोडी कोशासाठी. आपण मोडी पाहतो ती बोरूने पळवत लिहिलेली, हात न उचलता एका अक्षरातून दुसऱ्यात शिरणारी. इथे तीच अक्षरे धातूच्या खिळ्यांत सुटी सुटी उभी आहेत आणि शेजारी इंग्रजी अर्थ. पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर या बंगाली कारागिरांनी तिथली ओतशाळा नावारूपाला आणली. व्याकरणाच्या प्रस्तावनेत कॅरी यांनी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातले मराठीचे पंडित वैजनाथ यांचे ऋण मानले आहे. 'हितोपदेश' आणि 'सिंहासन बत्तिशी' मराठीत आणून श्रीरामपूरच्या छापखान्यातून मोडीत छापवले ते याच वैजनाथांनी. आपल्या साहित्याच्या इतिहासात त्यांना अर्धा परिच्छेद मिळत नाही. कॅरी यांचा पत्रव्यवहार आहे, चरित्रे आहेत. वैजनाथ पंडितांच्या हातचे एक पत्र मला आजवर कुठे छापलेले दिसलेले नाही. कोणाचे कागद राखायचे हे ज्याने ठरवले, त्याच्याच बाजूने इतिहास लिहिला गेला. म्हणून पाळकांच्या पत्रांइतकीच मला साध्या सभासदांच्या याद्यांची काळजी वाटते. कॅरींनी २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीत कृष्ण पाल या सुताराला बाप्तिस्मा दिला, ते नाव टिकले. त्याच्यामागून आलेली सुतार, विणकर, मोलकरीण अशी शेकडो माणसे फक्त रजिस्टरांतच सापडतील.

दोन वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या एका छोट्या बॅप्टिस्ट मंडळीत रंगकाम निघाले. कपाट रिकामे करताना जुन्या वह्या रद्दीवाल्याच्या तराजूवर चढल्या होत्या. मी योगायोगाने तिथे होतो. वरची वही उघडली. कसरीने कडा खाल्लेल्या, शाईने काही ठिकाणी कागदच जाळलेला. एका ओळीत बाईचे नाव, पुढे 'विहिरीवर बाप्तिस्मा', त्यापुढे वेगळ्या शाईत 'गिरणीत कामास मुंबईस गेली, पत्र दिले'. म्हणजे तिथल्या मंडळीने तिला सामावून घ्यावे म्हणून शिफारसपत्र. एका गावातली बाई एकटी मुंबईला गेली आणि तिच्या मंडळीने तिची पाठराखण केली, याचा तेवढाच पुरावा त्या ओळीत आहे. किलोला बारा रुपयांनी तो निघाला होता. मी कोणाला दोष देत नाही. जागा कमी, माणसे कमी, आणि हे महत्त्वाचे आहे असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

तेव्हा माझी विनंती सरळ आहे. ज्या मंडळ्यांकडे अशा वह्या आहेत त्यांनी आधी नुसती यादी करावी: वही कसली, कोणत्या साली सुरू, कोणत्या साली संपते. फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नये. चार-पाच वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरे घेऊन निघते. लॅमिनेशन तर मुळीच नको. मोबाइलवर एकेक पान खिडकीच्या उजेडात, सपाट ठेवून टिपावे आणि ते फोटो दोन वेगवेगळ्या घरी ठेवावेत. मूळ वही मंडळीचीच राहील; ती कोणाला देऊन टाका असे मी म्हणत नाही. मोडी वाचणारी माणसे पुण्यात कमी नाहीत, मोडीचे वर्ग दर वर्षी भरतात. त्या विद्यार्थ्यांना सरावासाठी पेशवे दप्तराबरोबर श्रीरामपूरचे मोडी छापील कागदही द्यावेत. आणि विद्यापीठांतल्या मराठी विभागांनी श्रीरामपूर आणि ऑक्सफर्ड इथल्या मराठीशी संबंधित कागदांची एक मराठी सूची करावी. हे काम दोन चिकाटीच्या विद्यार्थ्यांचे आहे, कोट्यवधींच्या निधीचे नव्हे.

पुण्याच्या आसपास कोणत्याही मंडळीला यादी करायची असेल तर शनिवारी मी येतो. टेबल आणि खिडकी तेवढी लागेल. ती तराजूवरून उतरवलेली वही सध्या तिथल्या पाळकांच्या घरी आहे, माळ्यावर नव्हे, हॉलमधल्या कपाटात, धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून. तिची एकशे चौदा पाने टिपून झाली आहेत, साठेक राहिली आहेत.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, पुणे