कुरळेपणा आधी, गोंद नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या पुरवणीत फॅशन बाहुलीसाठी लोकरीच्या केसांचा टोप करण्याची कृती आली आहे. सरळ केसांसाठी ती चांगली आहे. पण ‘केस कुरळे हवे असल्यास तयार टोप उकळत्या पाण्यात बुडवावा’ हे शेवटचे वाक्य वाचून कोणी तसे केले, तर सगळी मेहनत वाया जाईल. कृतीतला पांढरा गोंद वाळल्यावरही गरम पाण्यात मऊ पडतो आणि बटा सुटून येतात. केसांना वळण आधी द्यायचे, मगच ते चिकटवायचे.

आफ्रिकी वंशाच्या लोकांचे दाट, घट्ट वळणाचे केस बाहुलीला द्यायचे असतील तर टोपाची बांधणीच वेगळी करावी लागते. बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीची ख्रिस्टी ही कृष्णवर्णीय बाहुली १९६८ ची. ‘बार्बी’ याच नावाची कृष्णवर्णीय बाहुली मात्र १९८० मध्ये आली. मॅटेलच्या डिझायनर किटी ब्लॅक पर्किन्स यांनी घडवलेल्या त्या बाहुलीचे केस आखूड आणि कुरळे होते. पण कारखान्यात वापरला जाणारा सारानसारखा प्लॅस्टिकचा तंतू गुळगुळीत आणि जड असतो. त्याला घट्ट वळण दिले तरी विंचरून विंचरून ते उघडते. म्हणून असे टोप हाताने करणारी मंडळी लोकरीकडे वळतात.

लोकर कोणती हे आधी तपासावे. ‘लोकर’ म्हणून मिळणारे बहुतेक धागे अ‍ॅक्रिलिकचे असतात. मोठ्या माणसाने चिमट्यात छोटा तुकडा धरून, स्टीलच्या ताटलीवर जाळून पाहावा. अ‍ॅक्रिलिक वितळून कडक काळा मणी होतो, खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते, सुताला कागद जळल्यासारखा वास येतो. सूत इथे उपयोगाचे नाही, त्यात वळण टिकत नाही.

बाहुली साधारण २९ सेंमी उंच, म्हणजे माणसाच्या सहाव्या हिश्शाची. माणसाची २.४ सेंमी रुंद बट तिच्या डोक्यावर ४ मिमीची होते. अशा मोकळ्या बटांसाठी ३ मिमीच्या धातूच्या विणकामाच्या सुया घ्याव्यात, कारण सुईवरून काढल्यावर बट थोडी फुलते. धागा वेढ्याला वेढा लावून, एकावर एक न चढवता गुंडाळावा, दोन्ही टोके दोऱ्याने बांधावीत आणि सुई नुकत्याच उकळलेल्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावी. मग रात्रभर वाळू द्यावी. तंतू तापल्यावर नरम होतो आणि गार होताना आकार धरतो; घाईने ओला, कोमट धागा सोडवला तर वळण लगेच ढिले पडते. प्लॅस्टिकच्या नळ्या या पाण्यात वाकतात.

घट्ट आफ्रो केसांचे गणित निराळे. खरे वेटोळे ६ मिमीचे धरले तर बाहुलीसाठी ते १ मिमीचे हवे, आणि तितक्या बारीक सुईवर गुंडाळत बसण्यात अर्थ नाही. तिथे धाग्याचा स्वतःचा पीळ कामाला येतो. चार पदरी अ‍ॅक्रिलिक लोकर न उकलता उकळत्या पाण्यात भिजवावी, पूर्ण वाळवावी, ६ सेंमीचे तुकडे करावेत आणि त्यानंतरच पदर सुटे करावेत. प्रत्येक पदर नागमोडी राहतो. यावर कुत्र्यांचा तारेचा ब्रश फिरवू नये. नागमोड मोडते आणि नुसता कापूस पिंजल्यासारखा भुगा उरतो. फुगवलेल्या, मऊ आफ्रोसाठी ब्रश चालतो, पण तो निराळा केशसंभार झाला.

टोपाच्या पायासाठी बाहुलीच्या डोक्यावर क्लिंग फिल्म (अन्न झाकायचा पातळ प्लॅस्टिकचा कागद) दोनदा गुंडाळावी, त्यावर जुन्या पातळ मोज्याचे कापड ताणून मानेशी रबरबँड लावावा. गोंदाचे दोन पातळ हात द्यावेत, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. एकच जाड थर दिला तर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि काढताना टोपी सुरकुतते.

आफ्रोसाठी तुकडे चिकटवण्यापेक्षा क्रोशाच्या बारीक सुईने टोपीत गाठी माराव्यात: दोन तुकडे मधोमध दुमडून कापडातून ओढायचे आणि टोके त्याच फासातून काढायची. ४ मिमी अंतराने दीडशेच्या आसपास गाठी बसतात आणि १० ग्रॅमपेक्षा कमी लोकर लागते. नवखे लोक चुकतात ते इथे. टक्कल दिसेल या भीतीने गाठी दाट मारतात आणि डोके शिरस्त्राणासारखे होते. कुरळे केस फुलून जागा भरतात, त्यांना मोकळीक हवी. कपाळाच्या कडेला मात्र गाठ मारू नये, ती उघडी दिसते. तिथे एकेका पदराचे झुबके टोके चेहऱ्याकडे करून चिकटवावेत आणि वाळल्यावर मागे वळवावेत, म्हणजे गोंदाची रेघ झाकली जाते. कात्री सर्वांत शेवटी, बाहुली फिरवत, थोडी थोडी चालवावी.

जटांसारख्या लॉक्ससाठी खरी लोकरच हवी. साबणाच्या कोमट पाण्यात तळहातावर चोळली की ती आवळून घट्ट होते. अ‍ॅक्रिलिक तसे कधीच होत नाही, आणि मशीनमध्ये धुता येणारी प्रक्रिया केलेली लोकरही नाही.

काळ्या-तपकिरी लोकरीचा रंग बाहुलीच्या व्हिनाइलमध्ये, म्हणजे मऊ प्लॅस्टिकमध्ये, मुरला की निघत नाही. उकळलेले पाणी स्वच्छ दिसेपर्यंत लोकर धुवावी आणि टोपीचे कापड पांढरेच घ्यावे.

पुरवणीतल्या दुरुस्तीत एक सूचना ठळक छापावी ही विनंती: झटपट चिकटणारा सुपरग्लू या कामात मुलांच्या हाती देऊ नये. सूत किंवा लोकरीवर पडताच तो इतका तापतो की बोट भाजू शकते.

एक वाचक, ठाणे