खेळाडूला कशासाठी धरायचं

प्रिय बाय,

काल फोनवर तू बोललीस की रशियाच्या प्लेअर्सना कुठेच खेळू देऊ नये, ते पण त्यांच्या सरकारएवढेच गुन्हेगार. तुझा राग मला कळतो गं, युक्रेनमध्ये माणसांची घरंच्या घरं जमीनदोस्त होतायत. पण सगळ्यांना एकाच माळेत ओवणं मला नाही पटत.

आपल्या जेटीवरचंच बघ ना. एलईडी लावून मासेमारीला बंदी आहे तरी रात्री समुद्रात लाईटी दिसतातच, आणि अशी बोट पकडली की गाव मालकाच्या नावाने ओरडतो, पगारावर जाळं ओढणाऱ्या खलाशाला कोण विचारत नाही. पण तोच खलाशी जेटीवर येऊन छाती फुगवून मालकाची बाजू घेऊन भांडायला लागला तर त्याला कोण सोडेल का?

2022 च्या फेब्रुवारीत युद्ध सुरू झालं आणि लगेच रशियाचा टेनिस प्लेअर आंद्रे रुब्लेव दुबईत मॅच जिंकल्यावर कॅमेऱ्याच्या काचेवर, जिथे प्लेअर सही करतात ना तिथे, मार्करने लिहून गेला की प्लीज, युद्ध नको. आणि मार्चमध्ये दोहाला इवान कुलियाक नावाचा रशियन जिम्नॅस्ट पोडियमवर छातीवर झेड लावून उभा राहिला, रशियन रणगाड्यांवर असतो तोच, आणि बाजूला गोल्डवाला पोरगा युक्रेनचा! त्याला वर्षभर बंदी घातली, बरोबरच केलं. पण त्याच वर्षी विम्बल्डनने रशिया आणि बेलारूसचे सगळेच सरसकट बाहेर ठेवले, त्यात रुब्लेव पण गेला, त्याने काय केलं होतं सांग? त्यापेक्षा 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकला केलं ते ठीक वाटलं, झेंडा नाही, राष्ट्रगीत नाही, युद्धाला सपोर्ट करणारे आणि सैन्याच्या नोकरीतले आधीच बाद. रशियाचे फक्त 15 जण खेळले.

आणि जे गप्प आहेत त्यांच्यावर तर मला बोलवतच नाही. तिकडे सैन्याबद्दल खोटं पसरवलं असं ठरवलं तर 15 वर्षांपर्यंत जेल आहे, आईबाप त्याच देशात, वीस वर्षांच्या पोराने काय करायचं?

तू म्हणशील मग साऊथ आफ्रिकेवर बहिष्कार चुकीचा होता का, तर अजिबात नाही. तिथे टीमच कातडीचा रंग बघून निवडायचे, अन्याय मैदानातच होता, 1974 ला आपण टेनिसच्या डेव्हिस कपची फायनल सोडली, समोर साऊथ आफ्रिका होती म्हणून, मला त्याचा आजही अभिमान वाटतो. पण त्यांचा क्रिकेटर ग्रॅम पोलॉक गुन्हेगार होता असं मी नाही म्हणणार. 1971 ला केपटाऊनला तो आणि बाकीचे प्लेअर, सिलेक्शन मेरिटवर करा म्हणून एक बॉल टाकून मैदान सोडून गेले होते. तरी त्याचं करिअर 23 टेस्टवरच संपलं. टीम बंद झाली हे योग्य, त्याच्या वाट्याला आलं ते वाईट, मला दोन्ही खरं वाटतं.

रविवारी येशील तेव्हा भांडू हवं तर, पण रुब्लेवला तेवढं तुझ्या यादीतून आधी काढ.

तुझे पप्पा