तक्रार: कान्झाशीवर चौथी पांढरी सोंगटी का चिकटवली?

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: जपानी कान्झाशीत न विचारता केलेला बदल

महोदय,

४ जूनला मी तुमच्याकडून हाताने घडवलेली एक कान्झाशी, म्हणजे अंबाड्यात खोचायचा जपानी काटा, मागवला. ६,४०० रुपये आगाऊ भरले. ११ जूनला पार्सल आले. खोका धड होता, पण आतला काटा संकेतस्थळावरच्या फोटोतला नव्हता.

फोटोत मधोमध एक काळी सोंगटी आहे. तिच्या डावीकडे, उजवीकडे आणि वर एकेक पांढरी, आणि खालून निघणारी त्सुगे लाकडाची दांडी. घडवणाऱ्याला ‘गो’ या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या पटखेळाचा नाद आहे, असे तुम्हीच तिथे लिहिले आहे. गोमध्ये सोंगटी विरुद्ध रंगाच्या सोंगट्यांनी चारही बाजूंनी वेढली गेली की मरते, ती पटावरून उचलावी लागते. तीन बाजू बंद आणि एकच उघडी राहिली, की ती ‘आतारी’. त्या उघड्या जागेला जपानीत ‘कोक्यूतेन’ म्हणतात, श्वास घ्यायची जागा. काटा खोचला की दांडी केसांत जाते आणि काळीची उरलेली एकच वाट थेट अंबाड्यात उतरते. तिला जिवंत ठेवतात ते माळणारीचे केस! इतकी सुंदर कल्पना मी दागिन्यात क्वचितच पाहिली आहे. नोकरीनिमित्त तीन वर्षे ओसाकात होते तेव्हा मी हा खेळ शिकले, पुण्याला परतल्यावर मुलीला शिकवला. तिच्या अठराव्या वाढदिवसाला हीच भेट द्यायची, हे फोटो पाहताक्षणी ठरवले होते.

तुम्ही पाठवलेल्या काट्यावर काळीच्या खाली, दांडीवर, चौथी पांढरी सोंगटी चिकटवलेली आहे. मुलीने खोका उघडला, काटा हातात घेतला आणि म्हणाली, “आई, ही तर मेली आहे गं.”

फोन केल्यावर कळले की प्रवासात सांधा हलला होता, तो उघडा दिसू नये म्हणून तुमच्या इथल्या कारागिराने एक मणी बसवला आणि त्याचे जादा पैसे लावले नाहीत. बोलणाऱ्या ताई सौजन्याने बोलल्या. पण सांधा हलला होता तर तसे मला कळवायचे होते. दुरुस्तीसाठी मी महिनाभरही थांबले असते.

शिवाय तो मणी बाकीच्यांच्या जातीचा नाही. गोच्या उत्तम पांढऱ्या सोंगट्या हामागुरी शिंपल्याच्या असतात, त्यासाठी जपानच्या मियाझाकी प्रांतातले ह्यूगा प्रसिद्ध आहे; काळ्या नाची-गुरो दगडाच्या. काट्यावरच्या मूळ तीन पांढऱ्या खिडकीपाशी तिरक्या धरल्या की शिंपल्याच्या वाढीच्या बारीक रेघा दिसतात. चौथीवर एकही रेघ नाही. पांढरा रंग डोळ्यांना मोठा भासतो, म्हणून गोच्या सोंगट्यांत काळी २२.२ मिमी, तर पांढरी २१.९ मिमी ठेवतात. इतक्या लहान काट्यावरही घडवणाऱ्याने ते भान राखले आहे. मी व्हर्नियरने मोजले: काळी ९.२ मिमी, तिन्ही पांढऱ्या ९.० मिमी. तुमचा मणी १० मिमीचा आहे. तो मध्ये येतो, त्यामुळे काटा अंबाड्यात पुरता बसणार नाही, आणि दांडीवर ओघळलेल्या पिवळ्या गोंदात केस अडकून तुटतील.

माझी मागणी अशी: हा काटा मूळ घडवणाऱ्याकडे पाठवून मणी काढून घ्यावा आणि सांधा त्याच्याच हातून पक्का करून द्यावा. येण्याजाण्याचा खर्च तुमचा. ते शक्य नसेल तर फोटोप्रमाणे असलेला दुसरा काटा द्या, नाहीतर पूर्ण रक्कम परत करा. मणी इथे उचकटून काढू नका. शेजारच्या शिंपल्याचा टवका उडेल.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेणे विक्रेत्याला नाकारता येत नाही. पावती, संकेतस्थळावरचा फोटो आणि मी जवळून काढलेले सहा फोटो सोबत जोडले आहेत.

काटा मूळ खोक्यात कापसात ठेवला आहे, मुलीने तो अजून माळलेला नाही. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा सकाळी दहाच्या आत पाठवा, नंतर घरी कोणी नसते.

आपली,
एक ग्राहक, पुणे