आजोबांचं घड्याळ

प्रिय पिल्ला,

परवा फोनवर तू विचारलंस, "आजोबांबद्दल दोन ओळी लिहायच्यात, काय लिहू?" मी "सांगतो" म्हणालो, फोन ठेवला आणि रात्री एकपर्यंत जागाच राहिलो. दोन ओळीत काही बसेना, म्हणून हे पत्र.

आधी एक ऐक. 'हसतमुख, प्रेमळ, कार्यमग्न' असलं काही लिहू नकोस. गेल्या पंधरा दिवसांत भेटायला आलेला जो तो तेच म्हणाला. त्यात खोटं काही नाही, पण त्या शब्दांत अण्णा दिसत नाहीत. तेच शब्द कुणालाही लावता येतात.

91 वर्षांत त्यांचे हात रिकामे असे मी फारसे पाहिलेच नाहीत. सायकलची साखळी, गळका नळ, कुणाच्या तरी चष्म्याचा सैल झालेला स्क्रू, काही ना काही चालूच. पण मला जास्त आठवतं ते हे, की हाक मारली की हातातलं खाली ठेवायचे. चष्मा कपाळावर सरकवून, "हं, बोल." तू तिसरीत असताना एकच गोष्ट त्यांना सलग चार वेळा सांगितली होतीस. चारही वेळा पक्कड खाली ठेवली गेली. "थांब, एवढं होऊ दे" हे वाक्य तुला ऐकू आलं ते माझ्याकडून, दिवसातून दहादा.

मात्र मला मिळालेले वडील आणि तुला मिळालेले आजोबा, ही दोन वेगळी माणसं होती. माझ्या लहानपणी अण्णा तापट होते. हत्यार जागेवर नसलं की घर डोक्यावर घ्यायचे. मी बारा वर्षांचा असताना त्या भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक कसा हलतो ते दाखवा म्हणून मागे लागलो होतो. "नंतर", "आत्ता नाही", "दिसत नाही का कामात आहे". शेवटी एका दुपारी मी स्टुलावर चढून ते स्वतःच उघडलं. लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीला लटकतो, ती माझ्या हातून वाकली. घड्याळ बंद.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, सगळे भाग ओळीनं मांडले आणि म्हणाले, "बस." तीन तास बसवलं. लंबकाचं घड्याळ 1656 साली ख्रिस्तियान हायगेन्सनं केलं, हे त्या दिवशी कळलं. लंबक लांब झाला की झोका सावकाश होतो, म्हणून खालचा नट फिरवून चकती किंचित वर घेतली की घड्याळ पुढे धावतं, खाली सोडली की मागे पडतं. उन्हाळ्यात धातू लांबतो. पारा 10 अंशांनी चढला तर पोलादी दांड्याचं घड्याळ दिवसाला साधारण 5 सेकंद मागे पडतं, आठवड्याला अर्ध्या मिनिटाच्या वर. म्हणून दर रविवारी चावी देताना ते रेडिओच्या वेळेशी ताडून बघत. त्या दिवसानंतर अण्णा बदलले असं म्हटलं तर गोष्ट फारच गोंडस होईल. हळूहळूच बदलले असणार. पण "नंतर" हा शब्द मला त्यानंतर ऐकल्याचा आठवत नाही.

सायकल त्यांनी 78 व्या वर्षी सोडली. कुणी सांगितलं नव्हतं. एका वळणावर अंदाज चुकला, पडले नाहीत, पाय टेकला. घरी येऊन कुलपाची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता चालेन." मग चालले, पुढची दहा वर्षं. निवृत्तीनंतर इतर माणसं कशी कंटाळतात हे त्यांना खरंच समजायचं नाही, आणि त्यावरून ते कंटाळलेल्या माणसांना बोलायचेही. तो त्यांचा दोषच. तुझ्या आत्याला त्यांनी त्यावरून एकदा रडवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या शिवणयंत्राला तेल घालायला जाऊन बसले होते. माफी मागायची त्यांची तीच रीत.

शेवटच्या वर्षी स्टुलावर चढणं बंद झालं. चावी मी द्यायला लागलो. ऐकू कमी यायचं, तरी एका रविवारी म्हणाले, "लंगडतंय." मला काही जाणवेना. मग मी त्यांना धरून भिंतीशी नेलं. त्यांनी घड्याळाच्या लाकडी पेटीवर बोटं टेकवली, डोळे मिटले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "टिक लांब, टॉक आखूड. डावीकडून जरा उचल." मी उचललं. "अजून. हं. बास." बोटं मात्र काढली नाहीत. मीही हात काढला नाही. किती वेळ उभे होतो कोण जाणे. समोर घड्याळ असूनही मी वेळ पाहिली नाही.

हे सगळं लिहू नकोस. पक्कड खाली ठेवायचे, एवढंच लिही.

घड्याळ चालू आहे. या आठवड्यात चाळीस सेकंद मागे पडलंय. नटाला मी हात लावलेला नाही. तू येशील तेव्हा स्टूल मी धरतो, तू फिरव.

तुझा,
बाबा